गोड, गोडधोड, मिठाई, पक्वान्न: गोड पदार्थांच्या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाककृतींचे मजकूर तपासायला बसलं की तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. 'लाडूला' की 'लाडवाला'? 'मिष्ठान्न' लिहिलंय, बरोबर आहे का? 'गोडा मसाला' गोड नसतो, मग त्याला गोडा का म्हणायचं? अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जिथे नियम आहे तिथे नियम सांगितला आहे. जिथे नुसता कानाचा कौल आहे, तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

'डेझर्ट'ला मराठीत नेमका शब्द कोणता?

एकाला एक असा शब्द नाही, आणि तो नसण्याचं कारण भाषेत नाही, पानात आहे. 'डेझर्ट' हा शब्द मुळात फ्रेंच. जेवणाचं टेबल आवरणे, वाढलेलं उचलणे अशा अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. म्हणजे जेवणाची भांडी उचलल्यानंतर जे येतं ते डेझर्ट. शब्दात चवीचा पत्ता नाही, फक्त वेळेचा आहे.

मराठी पानात गोड वेगळ्या वेळी येत नाही. वरणभात, भाजी, कोशिंबीर यांच्या शेजारीच पुरणपोळी बसलेली असते आणि श्रीखंड पुरीबरोबरच खायचं असतं. जेवण झाल्यावर येते ती मुखशुद्धी, म्हणजे विडा किंवा बडीशेप. त्यामुळे आपले शब्द चव सांगतात (गोड, मिष्टान्न) किंवा शिजवण्याची क्रिया सांगतात (पक्वान्न). 'सगळ्यात शेवटी' हे सांगणारा शब्द घडलाच नाही, कारण त्याची गरज पडली नाही.

म्हणून संदर्भ पाहून भाषांतर करावं. हॉटेलच्या मेनूकार्डावर 'डेझर्ट' तसंच ठेवलेलं बरं. घरगुती संवादात 'जेवणात गोड काय आहे?' एवढं पुरतं. क्रम महत्त्वाचाच असेल तर 'जेवणानंतरचं गोड' असं उलगडून लिहावं. 'भोजनोत्तर मिष्टान्न' मात्र कृपा करून नको. ते वाचून भूक जाते.

आणि वाळवंटाचं काय? तेही 'डेझर्ट'च ना?

इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग आणि उच्चार वेगळे आहेत. गोड पदार्थाच्या शब्दात आघात (उच्चारातला जोर) दुसऱ्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या दुसऱ्या तुकड्यावर पडतो, म्हणून तो 'डिझर्ट'च्या जवळ जातो. वाळवंटाचा आघात पहिल्यावर. देवनागरीत आपण दोन्ही 'डेझर्ट' लिहितो, त्यामुळे 'डेझर्ट कूलर'चा आइस्क्रीमशी काहीतरी संबंध असावा असं वाटणाऱ्यांना हसू नये. नवं लेखन करत असाल तर गोडासाठी 'डिझर्ट' लिहिणं उच्चाराला धरून होईल. पण 'डेझर्ट' इतकं रुळलंय की ते चूक ठरवण्यात अर्थ नाही.

गोड, गोडधोड, मिठाई, मिष्टान्न, पक्वान्न: हे समानार्थी नाहीत का?

कोशात शेजारी, वापरात बरेच लांब. 'गोड' नाम म्हणून वापरलं की ते नपुंसकलिंगी आणि एकवचनी असतं: 'आज गोड काय केलंय?' त्यात शिरा येतो, खीर येते, वाटीभर गूळ-तूपही चालून जातं.

'गोडधोड' हा अभ्यस्त शब्द. 'धोड'ला स्वतंत्र अर्थ नाही, तो नुसता नादासाठी आला आहे, पण त्याच्या येण्यानं अर्थ पसरतो: गोड आणि तसंच आणखी काही. म्हणून 'सणाला गोडधोड केलं' म्हणता येतं, पण 'एक गोडधोड दे' म्हणता येत नाही. हा शब्द मोजताच येत नाही. तो नपुंसकलिंगी आहे आणि त्याचं अनेकवचन होत नाही.

'मिठाई' स्त्रीलिंगी. ती साधारणतः विकतची, हलवायाकडची, खोक्यातून येणारी. घरी केलेल्या खिरीला कोणी मिठाई म्हणत नाही. पेढा, बर्फी, बालूशाही ही मिठाई. पातळ पदार्थ सहसा या शब्दात बसत नाहीत. बासुंदी त्याच दुकानात मिळते, पण 'मिठाई घेऊन ये' म्हटल्यावर बासुंदी आणली तर आणणाऱ्याला बोलणी बसतील. अनेकवचन 'मिठाया' होतं, पण बहुतेक वेळा 'तऱ्हेतऱ्हेची मिठाई' असं एकवचनच कानाला बरं वाटतं.

'पक्वान्न' म्हणजे शब्दशः शिजवलेलं अन्न. मराठीत मात्र तो सणासुदीच्या, खटपटीच्या आणि बहुधा गोड पदार्थाचा शब्द झाला. 'पंचपक्वान्नांचं ताट' म्हणताना वरणभात डोळ्यांसमोर येत नाही. हा शब्द मोजता येतो: दोन पक्वान्नं, चार पक्वान्नं. लग्नाच्या जेवणात 'पक्वान्न कोणतं?' असा प्रश्न येतो, 'मिठाई कोणती?' असा नाही. शिरा पक्वान्न आहे का यावर घराघरात मतभेद आहेत. माझ्या मते नाही. पंधरा मिनिटांत होतं ते पक्वान्न कसलं?

'मिष्टान्न' लेखी शब्द. निमंत्रणपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि संस्कृत सुभाषितं ही त्याची घरं. बोलताना कोणी 'मला थोडं मिष्टान्न वाढा' म्हणालं तर लोक ते विनोदानंच घेतील.

'मिष्टान्न' की 'मिष्ठान्न'? 'पक्वान्न' की 'पक्वान'?

मिष्ट + अन्न = मिष्टान्न. 'ट', 'ठ' नव्हे. गोंधळ होतो तो निष्ठा, प्रतिष्ठा, कनिष्ठ यांच्या सवयीमुळे. लग्नाच्या बाबतीत मुलगी रूप पाहते, आई पैसा पाहते असं सांगणारं जे सुभाषित आहे, त्याच्या शेवटी बाकीच्या पाहुण्यांना काय हवं तेही सांगितलंय: 'मिष्टान्नमितरे जनाः'. ते पाठ असेल तर 'ट' विसरणार नाही.

पक्व + अन्न = पक्वान्न. शेवटचा 'न' दुहेरी, कारण तो 'अन्न'चा आहे. 'पकवान' हे हिंदी रूप. ते मराठीत हवं असेल तर पूर्ण 'पकवान' लिहा. 'पक्वान' हे इकडचंही नाही आणि तिकडचंही नाही. जाता जाता: 'पच्' या एकाच धातूपासून पक्व, पाक आणि पचन हे तिन्ही आले आहेत. म्हणजे साखरेचा पाक, पाककृती आणि जेवल्यानंतरची ती सुस्त दुपार हे सगळं एकाच कुटुंबातलं.

मीठ खारट आणि मिठाई गोड, हे कसं?

दोन्ही शब्दांचं मूळ एकच. संस्कृत 'मृष्ट' किंवा 'मिष्ट', म्हणजे रुचकर, गोड. त्याचं प्राकृतात 'मिट्ठ' झालं. हिंदीत त्याचं 'मीठा' झालं आणि गोड हा अर्थ टिकला. मराठीत तोच शब्द अन्नाला रुची आणणाऱ्या पदार्थाला चिकटला आणि 'मीठ' झाला. गुजरातीतही मिठाला 'मीठुं'च म्हणतात. पुढे हिंदीतून 'मिठाई' आली तेव्हा मराठीत 'मीठ' आधीच बस्तान बसवून होतं. त्यामुळे एकाच आजोबांची दोन नातवंडं एकाच स्वयंपाकघरात राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. सामान्यरूपात, म्हणजे विभक्ती लागण्याआधी नामाचं जे बदललेलं रूप होतं त्यात, तर ती आणखी जवळ येतात: 'मिठाचा डबा' आणि 'मिठाईचा डबा'. एक 'ई' राहून गेली की पाककृतीचा सत्यानाश.

'गोड' हे विशेषण बदलत नाही ना? मग गोडा मसाला, गोडं तेल कुठून आलं?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच. 'गोड' हे अविकारी विशेषण आहे. गोड आंबा, गोड चिंच, गोड फळ, गोड आंबे. लिंग बदललं, वचन बदललं, तरी हे जागचं हलत नाही. आंबट, तिखट, कडू, तुरट यांचंही तसंच.

पण त्याच्याच शेजारी 'गोडा' हे दुसरं विशेषण आहे, आणि ते आकारान्त असल्यामुळे 'चांगला'सारखं पूर्ण बदलतं: गोडा मसाला, गोडं वरण, गोडं तेल, गोड्या पाण्यातले मासे. अर्थही वेगळा. 'गोड'चा अर्थ साखरेसारखी चव, तर 'गोडा'चा अर्थ 'जे तिखट नाही, खारट नाही, कडवट नाही ते'. गोडं वरण म्हणजे तिखट-फोडणी नसलेलं साधं वरण. गोडं तेल म्हणजे खायचं तेल. गोडा मसाला म्हणजे भडक तिखटपणा नसलेला मसाला. एक गोड अस्तित्वाचं आहे, दुसरं अभावाचं.

म्हणून 'गोड वरण' आणि 'गोडं वरण' यांत फक्त अनुस्वाराचा फरक नाही. पहिल्यात कोणीतरी साखर सांडली आहे. 'गोड पाणी' आणि 'गोडं पाणी' यांचंही तेच: पहिलं सरबताच्या वाटेवरचं, दुसरं नदीचं किंवा विहिरीचं. लेखी भाषेत हीच रूपं 'गोडे वरण', 'गोडे पाणी' अशी येतात.

एक अपवाद कबूल करायला हवा. विशेषण नामाच्या नंतर आलं तर भेद पुसट होतो. 'या विहिरीचं पाणी गोड आहे' असंच आपण म्हणतो, आणि त्याचा अर्थ ते खारं नाही एवढाच असतो.

'गोड बोला' यातला गोड विशेषण आहे का?

नाही, तिथे ते क्रियाविशेषण आहे. कसं बोला, तर गोड. 'गोड हसली' यातही तसंच. रूप तेच, काम वेगळं.

गोडी, गोडवा, गोडपणा यांत फरक काय?

'गोडी' स्त्रीलिंगी. उसाची गोडी ही चव, पण वाचनाची गोडी म्हणजे आवड, आणि दोघांमधली गोडी म्हणजे सलोखा. 'गोडवा' पुल्लिंगी. तो बहुतेकदा आवाजात, स्वभावात, भाषेत असतो. त्याचं अनेकवचन 'गोडवे' फक्त गायलं जातं: एखाद्याचे गोडवे गाणे. 'एक गोडवा गायला' असं होत नाही. 'गोडपणा' लहान मुलांच्या वाट्याला जास्त येतो. 'बर्फीचा गोडपणा' चूक नाही, पण ऐकायला परकं वाटतं. बर्फी नुसतीच गोड असते, किंवा साखर जास्त झाली की 'गोडमिट्ट' होते. गोडमिट्ट ही तक्रार आहे, कौतुक नव्हे. आंबटढाण आणि कडूजहर ही तिची भावंडं. उलट बाजूला, कमी गोडाला 'गोडसर'.

'मधुर' पदार्थाला क्वचितच लागतं. आवाज मधुर, संगीत मधुर, पण 'मधुर लाडू' ही फक्त जाहिरातीची मराठी.

'लाडूला मुंग्या लागल्या' की 'लाडवाला'?

लाडवाला. ऊकारान्त पुल्लिंगी नामांचा एक गट सामान्यरूपात 'ऊ'चा 'वा' करतो: भाऊ–भावाला, नातू–नातवाला, विंचू–विंचवाला, लाडू–लाडवाला. अनेकवचनात लाडवांना, लाडवांचा. मूळ रूप दोन्ही वचनांत 'लाडू'च राहतं, त्यामुळे वचन कळतं ते क्रियापदावरून: लाडू संपला, लाडू संपले.

दुसरा गट मात्र अजिबात बदलत नाही: चाकूने, खाऊला. हो, 'खाऊ'सुद्धा पुल्लिंगी आणि ऊकारान्त, 'भाऊ'शी यमक जुळणारा. तरी 'भावाचे पैसे' आणि 'खाऊचे पैसे'. 'खावाचे पैसे' कोणी म्हणत नाही. कोणता शब्द कोणत्या गटात जाणार हे सांगणारं सूत्र नाही, कानावर भरवसा ठेवावा लागतो. अलीकडे 'लाडूला', 'लाडूचा' सर्रास ऐकू येतं. मी ते बोलण्यात सोडून देतो, छापायच्या मजकुरात बदलतो.

याच जातीचा एक गोड शब्द 'हलवाई'. त्याचं सामान्यरूप 'हलवाया–': हलवायाकडे, हलवायाचं. 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' या म्हणीनं ते रूप जपून ठेवलंय. दुसऱ्याच्या मालावर परस्पर दानधर्म करणाऱ्यासाठी ही म्हण. 'हलवाईच्या घरावर' म्हटलं की तिची लय मोडते.

'खीर' दीर्घ आणि 'खिरीत' ऱ्हस्व का?

मराठी शब्दाच्या उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई किंवा ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. खीर–खिरीत, दूध–दुधात, तूप–तुपात, गूळ–गुळाचा, पीठ–पिठाचा. मराठी साहित्य महामंडळाचे आणि १९६२ साली महाराष्ट्र शासनानं मान्य केलेले जे शुद्धलेखनाचे नियम आहेत, त्यांत हे आहे. तत्सम शब्दांना, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्यांना, हा नियम लागत नाही. 'खीर' ज्यापासून आली तो 'क्षीर' शब्द वापरलात तर 'क्षीरात' दीर्घच राहील. लाडू 'पिठाचे' होतात, पण पदवी 'विद्यापीठात' मिळते. तिथला 'पीठ' तत्सम आहे आणि त्याचा अर्थ आसन.

समासात हाच नियम पहिल्या पदाला गाठतो. तीळ + गूळ = तिळगूळ. 'तीळ'चा 'ति' ऱ्हस्व झाला, कारण तो आता शब्दाच्या मध्यात अडकला. 'गूळ' शेवटी आहे म्हणून दीर्घ राहिला. पुढे विभक्ती लागली की त्याचाही नंबर लागतो: तिळगुळाचा.

शिरा खाल्ला, शिरा ताणल्या, आत शिरा: हे एकच का?

तीन वेगळे शब्द, योगायोगानं एकाच वेषात. खायचा 'शिरा' पुल्लिंगी एकवचनी. अंगातल्या 'शिरा' हे 'शीर' या स्त्रीलिंगी नामाचं अनेकवचन. तिसरं 'शिरणे'चं आज्ञार्थी रूप. ओळखायचा उपाय सोपा: विभक्ती लावून पाहा. पहिल्याचं 'शिऱ्यात वेलदोडा', दुसऱ्याचं 'शिरांत रक्त', तिसऱ्याला विभक्ती लागतच नाही.

इथे गंमत अशी की 'खीर' आणि 'शीर' दोन्ही अकारान्त स्त्रीलिंगी, पण खीर 'भिंत'च्या वाटेनं जाते (भिंती, खिरी) आणि शीर 'वीट'च्या (विटा, शिरा).

'हलवा'चीही तीच कथा, आणि पात्रं जास्त. दुधीचा हलवा आहे, संक्रांतीचा पांढरा काटेरी हलवा आहे, 'हलवा' नावाचा मासा आहे, आणि 'तो हलवा जरा हलवा' यातलं क्रियापद आहे. 'हलव्याचे दागिने' आणि 'हलव्याचं कालवण' यांत विभक्तीही मदतीला येत नाही. पुढचं नाम वाचेपर्यंत थांबावं लागतं.

तसंच 'घारी'. भोपळ्याची घारी एक, अनेक झाल्या की घाऱ्या. आकाशातली घार एक, अनेक झाल्या की घारी. 'घारी तळल्या' असं एका मजकुरात वाचलं होतं. तळायच्या होत्या घाऱ्या.

शिरा आणि हलवा एकच का? आणि सांजा?

हिंदीत रव्याचा 'हलवा' होतो, मराठीत त्याच पदार्थाचा 'शिरा'. हिंदीतला 'शीरा' म्हणजे साखरेचा पाक किंवा काकवी. तेव्हा हिंदी पाककृती मराठीत आणताना 'शीरा' दिसला की 'शिरा' लिहून मोकळं होऊ नये. गुलाबजाम शिऱ्यात बुडवायची पाळी येईल. मराठीत 'हलवा' गाजराचा, दुधीचा. शब्द अरबी, मूळ अर्थ गोड पदार्थ. 'सांजा' काही घरांत गुळाचा आणि गोड, काही घरांत तिखटामिठाचा, म्हणजे उपम्याचा भाऊ. 'सांज्याची पोळी' मात्र गोडच.

या शब्दांचं लिंग कसं ठरवायचं?

शेवटच्या स्वराचा बऱ्यापैकी आधार मिळतो. आकारान्त बहुधा पुल्लिंगी: पेढा, चिरोटा, अनारसा, खाजा. त्यांची अनेकवचनं एकारान्त: पेढे, चिरोटे, अनारसे. ईकारान्त बहुधा स्त्रीलिंगी: बर्फी, करंजी, जिलबी, बासुंदी. अनेकवचनात बर्फ्या, करंज्या, जिलब्या. 'जिलेबी' हेही चालतं, अनेकवचन जिलेब्या. अकारान्त मात्र पाठच करावे लागतात: मोदक पुल्लिंगी, श्रीखंड नपुंसकलिंगी, खीर स्त्रीलिंगी.

काही शब्द दोन लिंगांत नांदतात. शंकरपाळा–शंकरपाळे किंवा शंकरपाळी–शंकरपाळ्या, दोन्ही बरोबर. फक्त एका मजकुरात एकच ठेवा. मराठीत पुल्लिंगी रूप मोठ्या वस्तूला आणि स्त्रीलिंगी लहान वस्तूला देण्याची सवय आहे (डबा–डबी), पण पदार्थांत तिच्यावर विसंबू नका. 'वडी' ही लहान वडा नव्हे. वडा तळलेला आणि तिखट. वडी नारळाची गोड किंवा अळूची तिखट.

एक निरीक्षण, नियम नव्हे. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी किंवा जिलबी वाटायची पद्धत आहे, आणि व्याकरणातलं लिंगही बरोबर तसंच पडतं. पद्धत शब्दाच्या लिंगावरून पडली असं मी म्हणणार नाही. हल्ली बरीच घरं दोन्हींना पेढेच वाटतात, आणि व्याकरणाची त्याला काही हरकत नाही.

केक, पेस्ट्री, आइस्क्रीम यांचं लिंग कोणी ठरवलं?

बोलणाऱ्यांनी. केक कापला, पेस्ट्री आवडली, आइस्क्रीम वितळलं, चॉकलेट खाल्लं, जेली हलली, पुडिंग बिघडलं, डेझर्ट मागवलं. 'ई'नं संपणारे शब्द (पेस्ट्री, जेली, टॉफी) सहज स्त्रीलिंगात गेले, कारण करंजी-बर्फीनं ती वाट आधीच मळून ठेवली होती. व्यंजनान्त शब्द बरेचसे नपुंसकलिंगात गेले, केक तेवढा पुल्लिंगात. कुल्फी फारसीतून आली आणि तीही त्याच स्त्रीलिंगी रांगेत उभी राहिली.

'खाल्ला', 'खाल्ली', 'खाल्लं' नेमकं कशावर अवलंबून?

खाणाऱ्यावर नाही, पदार्थावर. हा कर्मणी प्रयोग. आजीनं लाडू खाल्ला, आजोबांनी जिलबी खाल्ली, मी श्रीखंड खाल्लं. पण पदार्थाला 'ला' लागला की क्रियापद त्याला ओळखेनासं होतं आणि नपुंसकलिंगी एकवचनात जातं: 'आईनं लाडवांना झाकून ठेवलं.' हा भावे प्रयोग.

खरी पंचाईत होते ती वेगवेगळ्या लिंगांचे पदार्थ एका वाक्यात आले की. 'पेढा, बर्फी आणि श्रीखंड…' पुढे काय? बोलताना क्रियापद जवळच्या नामाला धरतं: 'श्रीखंड संपलं'. यादी मोठी असेल तर मी शेवटी 'सगळं' टाकतो: पेढा, बर्फी, श्रीखंड, सगळं संपलं. वाद मिटतो. जोडशब्द झाला असेल तर शेवटचं पद जिंकतं: श्रीखंडपुरी खाल्ली, लाडूचिवडा खाल्ला.

'दोन श्रीखंडं' म्हणणं चूक आहे का?

व्याकरणाच्या पुस्तकात चूक, हॉटेलात बरोबर. श्रीखंड, खीर, शिरा, बासुंदी ही न मोजता येणारी नामं: वाटीभर, पळीभर, पाव किलो. पण वाढपी 'दोन श्रीखंड, एक बासुंदी' असं ओरडतो तेव्हा तो वाट्या मोजतो, पदार्थ नव्हे. 'दोन चहा' म्हणतो तसंच. 'खिरी' हे अनेकवचन प्रकारांसाठी वापरतात: गव्हाची, तांदळाची, शेवयांची अशा खिरी. बर्फी मधल्या कुंपणावर बसते: 'पाव किलो बर्फी'ही होते आणि 'दोन बर्फ्या'ही.

श्रीखंडातला 'खंड' आणि आम्रखंडातला 'खंड' एकच?

संस्कृतात 'श्रीखंड' म्हणजे चंदन. दह्यासाखरेच्या पदार्थाला तिथे 'शिखरिणी' असा शब्द आहे. मराठीत श्रीखंड वाटीत आलं आणि चंदन विसरलं गेलं. मग आंब्याचा रस घातल्यावर लोकांनी 'श्री' काढून 'आम्र' बसवला आणि 'आम्रखंड' झालं. 'खंड'चा अर्थ इथे आपसूक 'चक्क्याचा गोड पदार्थ' असा झाला. शब्द असे चुकून तुटतात आणि कामाचे ठरतात. 'खंड'चा जुना अर्थ साखरेचा खडा. तोच फारसी, अरबीतून फिरून युरोपात गेला आणि 'कँडी' होऊन परत आला.

'बेसन लाडू' की 'बेसनाचे लाडू'?

मराठी वळण षष्ठीचं: बेसनाचा लाडू, बेसनाची वडी, बेसनाचे लाडू. 'चा–ची–चे' पुढच्या नामाप्रमाणे बदलतो. 'बेसन लाडू', 'गाजर हलवा' ही पाट्यांची आणि पाकिटांची भाषा, तिथे जागा कमी असते. मात्र साखरभात, पुरणपोळी हे खरे समास आहेत. 'साखर घालून केलेला भात' यातले मधले शब्द गळून ते झाले, म्हणून व्याकरणात त्यांना मध्यमपदलोपी म्हणतात. ते जोडूनच लिहायचे. 'पुरण पोळी' असं तोडलं की पोळी फाटते.

'लाडू बनवले' लिहू का?

लिहिता येईल, पण मराठीत लाडू 'करतात'. 'बनवणे'मध्ये आमच्या पिढीला अजून 'फसवणे' ऐकू येतं. त्याहून चांगलं म्हणजे पदार्थाचं स्वतःचं क्रियापद वापरावं, कारण ते कृतीही सांगतं. लाडू वळतात, काही घरांत बांधतात. मोदकाला चुण्या पाडतात आणि मग तो उकडतात. करंजी भरतात. अनारसा खसखशीवर थापतात. वड्या आधी थापतात, मग पाडतात. बुंदी झाऱ्यातून पाडतात. पुरण वाटतात, पुरणपोळी लाटतात आणि भाजतात. बासुंदी आटवतात. श्रीखंडासाठी दही टांगतात. पाक 'होतो', आणि तो एकतारी, दोनतारी की गोळीबंद हे बोटांनी पाहतात. ही क्रियापदं गेली आणि सगळीकडे 'बनवा' आलं तर पाककृती वाचून काही कळायचं नाही.

जिलब्याही पाडतात. पण इंटरनेटवर कोणी 'जिलब्या पाडतोय' म्हणालं तर तो तेलापाशी उभा नसतो. तो भाराभर फुटकळ मजकूर लिहीत असतो.

'मनात लाडू फुटले' हे मराठी आहे का?

हिंदीतून आलंय. मराठीत 'मनात मांडे खाणे' आहे, पण दोन्हींचा अर्थ एक नाही. लाडू फुटतात ते आतल्या आत झालेल्या आनंदाचे. मांडे खाल्ले जातात ते हाती काहीच नसताना. परीक्षेत पहिला आल्यावर लाडू, अभ्यास न करता पहिला येण्याची स्वप्नं पाहिली तर मांडे. पहिल्या अर्थासाठी मराठीत 'मनातल्या मनात खूश झाला' एवढं साधं वाक्य पुरतं.

नैवेद्य आणि प्रसाद?

दोन्ही पुल्लिंगी. देवापुढे ठेवेपर्यंत नैवेद्य, उचलल्यावर प्रसाद. नैवेद्य 'दाखवतात', प्रसाद 'देतात' आणि 'घेतात'. 'शिऱ्याचा प्रसाद' म्हणजे प्रसाद म्हणून केलेला शिरा. 'प्रसादाचा शिरा' म्हणजे सव्वाच्या मापाचा, केळं घातलेला, घरी एरवी कितीही प्रयत्न केला तरी तसा न होणारा. आणि 'मास्तरांकडून प्रसाद मिळाला' यात गोड काहीच नसतं.